सोमवारी बंद असणारी वेबसाइट

"पहिले बसवा, मंग बोला," हे गादीवाल्या काकांचं वाक्य. ते म्हणताना त्यांचा उजवा तळहात समोरच्या बसायच्या वस्तूवर आपोआप दाबला जायचा. खुर्ची असो, बाकडं असो, स्कूटरची सीट असो. हात दाबायचा, जरा थांबायचं, उचलायचा आणि ती वस्तू परत फुगते का ते पाहायचं. एकदा कुणाच्या घरी सांत्वनाला गेले होते. तिथेही बसायच्या आधी त्यांनी सोफा दाबून पाहिला आणि घरच्यांना हळूच म्हणाले, "माणूस तं गेलाच, पण हा सोफाही गेला." हे त्यांच्या मुलीनेच मला सांगितलं, आणि सांगताना ती हसली नाही.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, जो जगाकडे फक्त आपल्या धंद्याच्या बाजूने बघतो. न्हावी समोरच्याचं डोकं बघतो, चांभार पाय बघतो. आमचे काका लोकांची पाठ बघायचे. त्यांचं कापसाच्या गाद्या आणि रजया भरायचं दुकान होतं, वर्ध्याच्या जुन्या बाजारातल्या एका बोळात.

मी बोरगाव मेघेला एका खोलीत वेबसाइट बनवून द्यायचं काम करते. मंगल कार्यालयवाले येतात, शिकवणी वर्गवाले येतात, दातांचे डॉक्टर येतात. सगळ्यांना एकच हवं असतं: फिरणारे फोटो, हिरवं बटण आणि 'विदर्भातील क्रमांक एक'. काका आले ते मुलीबरोबर. मुलगी सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने विषय काढायच्या आधी काकांनी माझी प्लास्टिकची खुर्ची दाबली आणि उभेच राहिले.

"मॅडम, याच्यावर तुमी दिवसभर बसता?"

"हो."

"मंग तुमची कंबर दुखून राह्यली असन."

दुखत होती. दुसऱ्या दिवशी ते माझ्या खुर्चीच्या मापाची लहान गादी घेऊन आले, आणि वेबसाइटचं बोलणं त्यानंतर सुरू झालं.

त्यांची अडचण साधी होती. दुकानासमोर फोमच्या गाद्यांचं काचेचं शोरूम उघडलं होतं. गिऱ्हाईक बोळाच्या तोंडाशी यायचं, फोनमध्ये बघायचं आणि समोर जायचं. काकांनी बरेच दिवस हे पाहिलं आणि निष्कर्ष काढला की फोनमध्ये कोणीतरी बसलेलं आहे, जे गिऱ्हाइकाला रस्ता सांगतं. आता आपलाही माणूस तिथे बसवायला हवा.

"ते वेबसाइट राह्यते कुठं?" त्यांनी विचारलं.

"दूर असते, काका. दुसऱ्या देशातल्या एका मोठ्या कंप्युटरवर."

"राखण कोण करते?"

"कोणी नाही. आपोआप चालते."

"कुलूप?"

"पासवर्ड असतो."

त्यांनी टेबलाची कड दाबून पाहिली. मग म्हणाले, "सोमवारी बंद ठेवजो."

मी समजावून सांगितलं की वेबसाइट कधीच बंद नसते, तोच तिचा फायदा. त्यांना ते पटलं नाही. सोमवारी दुकान बंद, पिंजायची मशीन बंद, ते स्वतः रोहण्याला भावाकडे कापूस बघायला जाणार, आणि इकडे वेबसाइट दार उघडं टाकून बसणार? गिऱ्हाईक येणार, आत शिरणार आणि बोलायला कोणी नाही? "हे त्याले फसवल्यासारखं होते," ते म्हणाले. अखेर मी तसं केलं. सोमवारी उघडलं की एकच ओळ दिसायची: 'आज दुकान बंद आहे. उद्या या. पाणी पिऊन जा.' त्या शेवटच्या वाक्याला माझा विरोध होता. पाणी कुठून पिणार? काका म्हणाले, "आपल्या घरचं पेतीन. विचाराले का जाते?"

त्यांना आवाजही हवा होता. दुकानाच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचं, हाताने कापूस मोकळा करायचं पिंजण टांगलेलं होतं, धनुष्यासारखं, ताणलेल्या तांतीचं. मशीन आल्यापासून ते कोणी वापरत नव्हतं. काकांनी ते खाली काढलं, थोडी रुई पिंजली, आणि मी फोनवर आवाज घेतला. टण्ण, टण्ण, टणणण. वेबसाइट उघडली की हा आवाज आपोआप सुरू होणार आणि पान उघडं असेपर्यंत वाजत राहणार. पान उघडताच आवाज येणं लोकांना आवडत नाही, ते घाबरून पान बंद करतात, हे मी शिकले होते आणि तसं सांगितलंही. पुढे झालंही तसंच. एका बँकेतल्या कारकुनाने काम सोडून चोरून वेबसाइट उघडली आणि अख्ख्या बँकेत टणटणाट झाला. साहेब बाहेर आले. आवाज कसला ते कळल्यावर साहेबांनी दोन रजया भरायला टाकल्या. त्या दिवसापासून काकांनी माझं शिकलेलं ऐकणं सोडलं.

उद्घाटन दुकानातच झालं. बोळात गाद्या अंथरल्या होत्या आणि चाळीसेक माणसं मांडी घालून माझ्या लहानशा लॅपटॉपकडे बघत होती. लॅपटॉपला लाल रिबन बांधली होती. ती कापायचा मान दुकानाच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाला, एका नव्वदीच्या आजोबांना दिला होता. त्यांना दिसत कमी होतं. त्यांनी गादीचं कापड कापायची मोठी कात्री धरली, एका फटक्यात रिबन कापली आणि तिच्याबरोबर माउसची वायरही.

टाळ्या झाल्या. "झालं?" आजोबांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

"मंग उघडलं काऊन नाई?"

मी बोटाने लॅपटॉपवरच पान उघडलं. टण्ण, टण्ण सुरू झालं. सगळे वळून भिंतीवरच्या पिंजणाकडे बघू लागले. ते वारा नसताना कसं वाजतंय याची काही जणांना खरंच भीती वाटली.

त्यानंतर काका रोज दहा वाजता माझ्याकडे यायचे आणि पाचपर्यंत बसायचे. मी समजत होते की हे वेबसाइटच्या काळजीने येतात. दर तासाला विचारणार, "किती आले?"

"अकरा."

"कोण कोण?"

"ते कळत नाही, काका. फार तर गाव कळतं, तेही अंदाजाने."

"गिऱ्हाईक दारात आलं अन् तू नाव नाई विचारलं?" मॅडमची मी एव्हाना 'तू' झाले होते. "कशी पोरगी आहेस तू?"

मी मजकूर लिहिला होता: 'वर्ध्यातील सर्वोत्तम कापसाच्या गाद्या.' त्यांनी तो वाचून घेतला आणि विचारलं, "सर्वोत्तम हे कोणं ठरवलं?" मी म्हटलं, सगळे असंच लिहितात. "मंग सगळ्यायचं वाचून गिऱ्हाइकाले काय समजन?" हा प्रश्न इतका बरोबर होता की मला राग आला. मी म्हटलं, तुम्हीच सांगा काय लिहू. त्यांनी डोळे मिटून जे सांगितलं ते मी जसंच्या तसं टाकलं. पानाचं नाव ठेवलं 'आमची गादी कोणी घेऊ नये'.

ज्यांच्या घरी ऊन येत नाही त्यांनी घेऊ नये, गादीला महिन्यातून एकदा ऊन लागतं. ज्यांना गादी उचलायची लाज वाटते त्यांनी घेऊ नये. ज्यांची पाठ खूप दुखते त्यांनी आधी डॉक्टरला दाखवावं, आम्ही डॉक्टर नाही. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी घेऊ नये, कारण मांजर उठत नाही.

मी मनातल्या मनात दुकानाचा निरोप घेतला. आठवडाभरात फोन सुरू झाले.

"आमच्या घरी मांजर आहे, पण ते खाटेवर येत नाई. गादी भेटन का?"

"रात्री कुठं झोपते?" काका गंभीरपणे विचारायचे.

"सैपाकघरात."

"पावसाळ्यात?"

पलीकडे घरच्यांशी कुजबुज. मग कबुली. "पावसाळ्यात येते कधीमधी."

"मंग खोळ जाड लागन. या."

लोक आपण गादीला कसे पात्र आहोत हे पटवून द्यायला लागले. एकाने गच्चीवर ऊन किती वाजता येतं त्याचा फोटो पाठवला. एक नवरा-बायको भांडत फोनवर आले; गादी कोण उचलणार यावर त्यांचं आधी ठरेना, म्हणून काकांनी त्यांना दोन दिवसांनी फोन करायला सांगितलं. मी वर्षानुवर्षं दुकानदारांना सांगत आले होते की गिऱ्हाइकाला अडवू नका, रस्ता सोपा करा. इथे एक माणूस दारात आडवा उभा होता आणि बाहेर रांग लागली होती.

अशाच एका दुपारी मुलगी ड्यूटी संपवून आली. काका समोरच्या टपरीवर गेले होते. ती म्हणाली, "ताई, त्यांना असंच रोज बसवून घेत जा. काही तरी काम देत जा."

"वेबसाइटचं आता काही काम उरलं नाही," मी म्हटलं.

तेव्हा तिने सांगितलं. चाळीस वर्षं कापसाची धूळ छातीत गेली होती. डॉक्टरांनी पिंजायच्या मशीनजवळ उभं राहायलाही मनाई केली होती. बापलेकीचं मोठं भांडण झालं होतं. ती म्हणत होती दुकान बंद करा. ते म्हणत होते, दुकानात दोन बायका वर्षानुवर्षं गाद्या शिवतात, त्यांना मशीन शिकवतो. त्यांच्या हाताला पुरेल इतकं काम आलं तर मी धुळीत पाय ठेवणार नाही. काम आलं नाही तर पुन्हा स्वतः मशीनवर बसतो, एकट्यापुरतं करतो. वेबसाइट त्यासाठी होती. माझ्याकडचा मुक्कामही त्यासाठीच होता. माझ्या खोलीत कापूस नव्हता, एवढाच तिचा गुण.

ते टपरीवरून परत आले ते खोकतच. मी पहिल्यांदाच तो खोकला नीट ऐकला. "आज किती?" त्यांनी विचारलं. मी सत्तावीस सांगितले, खरं तर बावीस होते.

आणि मग हिंगणघाटचा पाहुणा सुरू झाला.

रोज दुपारी तीनच्या सुमारास हिंगणघाटहून कोणीतरी वेबसाइटवर यायचं, पहिल्याच पानावर पाऊण तास थांबायचं आणि काही न बघता, काही न विचारता निघून जायचं. मला आनंद झाला होता; पाऊण तास माझ्या कोणत्याच वेबसाइटवर कोणी थांबलेलं नाही. काकांना चैन पडेना.

"रोज येते, दारात बसते, अन् चालली जाते. त्याले काही तरी तकलीफ आहे, पोरी."

"काका, कोणाचा तरी फोन तसाच उघडा राहत असेल."

"रोज? तीन वाजता?"

दहा दिवस त्यांनी कळ काढली. मग पहिल्या पानावर सूचना लावायला लावली. असं कोणी करत नाही, लोकांना वाटेल आपल्यावर पाळत आहे, असं मी हात जोडून सांगितलं. तरी सूचना लागली: 'हिंगणघाटहून रोज दुपारी येणाऱ्या पाहुण्यास विनंती. संकोच करू नये. फोन करावा. घेतलंच पाहिजे असं नाही.'

दोन दिवसांत हिंगणघाटहून सतरा जणांनी फोन केले. प्रत्येक जण म्हणाला, "तो मीच." काकांनी सगळ्यांची आपुलकीने चौकशी केली. त्यातल्या पाच जणांनी गाद्या घेतल्या. तीन वाजताचा पाहुणा मात्र येतच राहिला, गप्प बसतच राहिला.

अठरावा फोन एका बाईंचा होता. काकांनी फोन स्पीकरवर टाकला होता.

"माफ करा, भाऊ. मले काही घ्यायचं नोतं, म्हणून फोन नाई केला."

"अवं बाई, बसा ना. सांगा."

त्यांच्या यजमानांना लकवा होऊन वर्ष झालं होतं. एक बाजू गेली, बोलणं गेलं, आणि झोप गेली. नवरा जागा म्हणून बायको जागी. एक दिवस भाचीने गंमत म्हणून त्यांना ही वेबसाइट दाखवली. टण्ण टण्ण वाजलं आणि यजमानांचे डोळे मिटले. तेव्हापासून दुपारी जेवण भरवलं की बाई फोन उशाशी ठेवायच्या. पाऊण तास ते झोपायचे, तेवढाच वेळ बाईही पाठ टेकायच्या. "सोमवारी मात्र तुमचं बंद राह्यते," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती, नुसतं सांगत होत्या. "सोमवारी आमी बसून राह्यतो."

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या जाऊ. मुलीले सांगू नको."

मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही बसने हिंगणघाटला गेलो. काकांच्या मांडीवर कापडात गुंडाळलेलं पिंजण होतं. कंडक्टरने विचारलं, काय आहे. काका म्हणाले, "वेबसाइट."

घर लहान होतं, पुढे अंगण. यजमान खिडकीजवळच्या खाटेवर होते, डोळे उघडे, छताकडे. काकांनी नमस्कार केला आणि त्यांच्या पाठीखाली हात सरकवला. चेहरा पडला. "बाई, गादी आहे का गोटे? आतमंदी सगळ्या गुठळ्या झाल्या." शेजारच्या दोघांनी यजमानांना उचलून सतरंजीवर घेतलं. काकांनी अंगणात गादी उसवली, तोंडाला गमछा बांधला आणि पिंजण उचललं.

"काका, नका," मी म्हटलं. "मी करते. मला दाखवा."

"तुले येते का?"

येत नव्हतं. मी दोनदा तांत ओढली, बोट कापून घेतलं आणि बाजूला झाले. मग ते बसले. सगळं अंगण पांढरं झालं. कापूस तुळशीवर, कोंबड्यांवर, माझ्या केसांत. खऱ्या पिंजणाचा आवाज फोनमधल्यापेक्षा किती खोल असतो ते मला तेव्हा कळलं. तो कानापेक्षा छातीत जास्त वाजतो. थोड्या वेळाने बाई दारात आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. आत यजमान झोपले होते. आणखी थोड्या वेळाने चौकटीला डोकं टेकून बाईही झोपल्या. काका मध्येच थांबून खोकायचे, आवाज होऊ नये म्हणून गमछा तोंडात कोंबून, आणि परत सुरू करायचे. गुठळी न् गुठळी मोकळी होईपर्यंत ते उठले नाहीत.

निघताना त्यांनी बाईंना पिंजणाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग फोनमध्येच घालून द्यायला मला सांगितलं. म्हणजे सोमवारीही वाजेल. "आता तुमाले वेबसाइटवर यायची गरज नाई," ते म्हणाले. असा दुकानदार मी पाहिलेला नाही. वेबसाइटवर सगळ्यात जास्त थांबणारं माणूस होतं ते, आणि त्यांनी त्यालाच सांगून टाकलं की येऊ नका.

पुढचे चार दिवस ते अंथरुणातून उठले नाहीत. मुलगी माझ्याकडे आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या भरवशावर ठेवलं होतं ना त्यांना?" ती गेल्यावर मी त्या लहान गादीवर बसून रडले आणि मग इतर कामं बाजूला ठेवून त्यांच्याच वेबसाइटला लागले. हिंगणघाटची सूचना काढली. त्या अंगणाचा, कापसाने पांढऱ्या झालेल्या कोंबड्यांचा फोटो टाकला, खाली काहीच न लिहिता. गावोगावचे लोक तो एकमेकांना पाठवत राहिले. काम वाढलं. शिवणाऱ्या दोघी बायका मशीन चालवायला शिकल्या, तिसरी ठेवावी लागली. पण काकांचा खोकला काही मागे फिरला नाही, रात्री त्यांना झोपू देईना. थंडीच्या सुरुवातीला ते गेले. मी त्या दिवशी अमरावतीला होते. परत आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

मला ते शेवटचे दिसले ते त्याच्या तीन आठवडे आधी. आर्वीकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाने चाळीस गाद्या मागवल्या होत्या. इतकं मोठं काम दुकानाला कधीच मिळालं नव्हतं. टेम्पो बोळातून निघाला तेव्हा केबिनमध्ये ड्रायव्हर आणि दोघी बायका. काकांनाही जायचं होतं. मुलगी नाही म्हणाली, आणि ती पावती आणायला आत वळल्याबरोबर ते हमालाच्या खांद्यावर पाय देऊन गाद्यांच्या ढिगावर चढले. टेम्पो सुटला.

मुलीने मला मोपेडवर मागे घेतलं आणि आम्ही पाठलाग केला. ती हॉर्न वाजवत ओरडत होती, "बाबा, खाली उतरा! बाबा!" वर दोरीने बांधलेल्या गाद्यांचे थर डुलत होते आणि सगळ्यात वरून धोतराचं एक टोक उडत होतं. आर्वी नाक्याला गर्दीत टेम्पो अडकला. मुलगी मोपेड माझ्या हातात टाकून धावली, मागच्या फळीवर पाय देऊन वर चढली आणि ढिगाच्या कडेला हनुवटी टेकवून बघत राहिली.

मला वाटलं आता ती ओरडणार. ती वळली आणि तोंडावर बोट ठेवलं. मग मलाही ऐकू आलं. एवढ्या गाड्यांच्या गोंगाटात, भर दुपारी, काका वर घोरत होते.

ती खाली उतरली, ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली आणि म्हणाली, "दादा, हळू घेजो."